पण झोंबेल ना?

...आणि शेवटी टोपी घातली हो! नाही नाही, तुम्ही समजताय ती टोपी नव्हे, म्हणजे तीही घातलीच, बिल आणून मला, पण मी सांगतोय ती खरीखुरी, सुपाएवढी, कडेनं गोंडे लावलेली... माझ्या बायकोच्या डोक्यावर! ज्या डोक्यावर अजून टाक्यांची खूण आहे, त्या डोक्यावर! आणि अख्खं हॉटेल टाळ्या वाजवतंय!

थांबा, नीट सांगतो. मी साधा शिंपी माणूस. आणि आमची ही... पूर्वी हिला मिरची झोंबायला मिरचीच लागायची नाही! 'कुठे निघालीस?' विचारलं, झोंबली. नाही विचारलं, जास्त झोंबली. आणि कधी खोडी काढायला मी म्हटलंच की 'आमच्या आईच्या हाताला काय चव होती!'... मेलो! झाकणं आपटली, कढई आदळली, 'मग जा ना आईकडे जेवायला!' 'अगं, आई केव्हाच वर गेली!' 'मग तिकडेच जा!'

असं सोन्यासारखं चाललेलं हो आमचं.

मग डोक्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं. डॉक्टर हात पुसत बाहेर आला, 'गाठ गेली, बाई वाचल्या!' गेली, पण जाताना काय काय घेऊन गेली ते नाही सांगितलं त्यानं! तोंडाची चव नेली, जीभ बधिर... आणि राग? तोही नेला हो! परत गेलो विचारायला तर म्हणतो, 'होतात काही पेशंट शांत.' शांत? भाजीत मीठ विसरलो, म्हणाली, 'छान आहे.' दुसऱ्या दिवशी मुद्दाम दोनदा घातलं, 'छान आहे.' शेजारी म्हणतो, 'नशीब काढलंत राव!' त्याच्या पँटची शिवण मी कच्ची घालणार आहे.

तर एक गिऱ्हाईक म्हणालं, नवीन मेक्सिकन हॉटेल निघालंय, तिथली मिरची खाऊन मेलेला उठून बसेल. म्हटलं, हेच पाहिजे! नेलं हिला. आत हा अंधार! टेबलावर मेणबत्ती, कोपऱ्यात निवडुंग, आणि रुमालाला इतकी खळ की त्याची कॉलर शिवली असती मी. वेटर आला, कमरेत वाकून, 'सर, हा आमचा खास रस्सा, यात चॉकलेट आणि मिरची...' चॉकलेट आणि मिरची! एका पातेल्यात! म्हटलं, असेना का, पण झोंबेल ना? 'सर, मंद उष्णता जाणवेल.' मंद नको रे बाबा! झोंबेल ना?

मग तो काळा दगडी खल घेऊन आला आणि आमच्यासमोर हिरवं फळ कुटायला लागला. तुम्हाला सांगतो, पूर्वीची ही असती तर बत्ता हिसकावून घेतला असता, 'सरका, असं कुटतात?' मी आशेनं बघतोय... ही म्हणाली, 'छान कुटतो.'

तेव्हा मी हुकूम काढला, सगळ्यात जहाल असेल ते आण! केशरी चटणीची वाटी आली. वेटरचा चेहरा पडलेला, 'सर, सुईच्या टोकाएवढीच घ्या.' घेतली. अहो, कानातून वाफ! नाक माझं राहिलं नाही, डोळे माझे राहिले नाहीत! आणि ही? चमच्यानं खातेय! शांतपणे! सगळी वाटी! मी ओरडतोय, 'झोंबली का गं? जरा तरी?'... 'छान आहे.'

आतून आचारी धावत आला. 'पाण्याशिवाय ही वाटी आजवर कुणी संपवली नाही!' आणि घातली टोपी! टाळ्या, शिट्ट्या, भिंतीवर लावायला फोटो! सगळ्यांना वाटतंय, काय खमकी बाई! कुणाला सांगू मी, की अहो, खमकी होती ती तुम्ही बघितलीच नाहीत?... मीही वाजवल्या टाळ्या. करणार काय?

टॅक्सीत बसलो. टोपी तिच्या मांडीवर. म्हटलं, आता शेवटची मिरची. जीव मुठीत धरला आणि बोललो, 'काही म्हण, आमच्या आईच्या हाताला जी चव होती ना, ती तुझ्या हाताला कधीच नव्हती.'

खोटं हो! साफ खोटं! आईला भात धड जमायचा नाही! पण बोललो. खांदे आवळून बसलो... आता फुटणार... आता टोपी माझ्या टाळक्यात बसणार... बसू दे रे देवा, बसू दे...

ही गोंडे सरळ करत म्हणाली, 'हो ना. छान करायच्या त्या.'

टॅक्सीवाल्यानं आरशातून बघितलं. 'काय झालं हो काका? डोळ्यांना धार लागलीय...'

म्हटलं, 'काही नाही रे. जेवण जरा झोंबलं.'