कापलेले सात सेकंद

हॅलो?… हां ताई, बोल… कामावरच आहे गं, एडिटिंगच्या खोलीत… हळू बोलतेय, कारण दार नुसतं लोटलंय… नाही, जेवले नाही… अगं ऐक ना! आधी टीव्ही लाव… आमचंच चॅनल. चार वाजता तो जंगलातल्या लोकांचा माहितीपट परत लागतोय… हो, तोच. नदीवर अंघोळ करणारी बाई ज्यात आहे तो.

हो, उघडीच दाखवली… नियमच तसा आहे ना. परवा त्या नटीची नुसती पाठ दिसली, तर तासभर बसून ब्लर केली मी. मागच्या महिन्यात दगडी पुतळा झाकला, पुतळा!… हसू नकोस. पण जंगलातली बाई असली की ती 'माहिती'. तिला झाकायचं नाही.

काय?… 'ती माणसं तशीच राहतात'? साहेबही अगदी हेच म्हणाले… बरं, तू न्हाणीघरात कशी असतेस? मग लावू का तिथे कॅमेरा?… बघ, लागलं ना लगेच!

हो, हो… सांगते. नियमात एक मेख आहे. बाई लाजली, अंग झाकायला लागली, तर मात्र ब्लर करायचंच… आणि ती लाजली होती, ताई. कॅमेरा दिसल्यावर तिनं हात आडवा घेतला. काठावरून एक चिमुरडी फडकं घेऊन धावत आली. साहेब म्हणाले, एवढे सात सेकंद उडव, म्हणजे प्रश्नच मिटला… उडवले. मीच.

अगं, चित्रण वीस वर्षांपूर्वीचं! कोण विचारायला येणार, असं वाटलं… आली ना. ती चिमुरडी आता नर्स आहे. वॉर्डातल्या टीव्हीवर तिला आई दिसली. पेशंट हसत होते म्हणे… नाही गं, आई जाऊन दोन वर्षं झाली.

तिचा फोन मीच उचलला. ओरडली नाही, शिव्या नाहीत. एवढंच म्हणाली, "मी फडकं नेलं होतं हो. ते कुठे गेलं?"

…

आहे, आहे. रडत नाहीये… बारा दिवस झाले, ताई. अंघोळीला दार लावलं की वाटतं, बाहेर कुणीतरी फडकं घेऊन उभं आहे. भीती वाटते गं मला. कडी दोनदा तपासते.

नाही, साहेबांना नाही विचारलं… दुपारी ते जेवायला गेले तेव्हा सात सेकंद परत जोडले. ब्लरही केलं… हो, जाईल नोकरी. माहितीये मला… ती नर्स बाहेर बसलीये ना, स्वागतकक्षातल्या टीव्हीसमोर. मीच बोलावलं… मला नाही बघवणार. म्हणून तर तुला लावायला सांगितलं!

लागलं?… नदी आली? बोल ना… हात? दिसला हात?… आणि मुलगी? धावतेय ना?… पोचली?

पोचली.

…

काय म्हणालीस? बाई कुठे बघतेय?… तुझ्याकडे?

हो. माझ्याकडेही तशीच बघते… नाही, आता दार खरंच वाजतंय. साहेब नसतील, ते असे हळू नाही वाजवत… थांब. ठेवते. उघडते मी.