भुरियोचा विमा

नाही नाही, चावत नाही — म्हणजे तुम्हाला नाही चावणार, यशश्रीबेन, तुम्ही बसा. ते स्टूल नको, त्याचा पाय हलतो, इकडे टायरांवर बसा, पुसून देतो. भुरियो, बेस. बेस कह्युं ने. त्याला गुजरातीच कळतं, रस्त्यावरचं पिल्लू ना. मराठीत मी फक्त रागावतो, त्यामुळे मराठी ऐकलं की कान पाडतो. तुम्ही मराठी आहात हे त्याला कळू देऊ नका. — हसलात, बरं झालं. मला बोलता येत नाही फारसं. आठवीत शाळा सोडली, तेव्हापासून ही ट्यूब आणि हा पाण्याचा टब, आणि गिऱ्हाईकं तरी कुठं बोलतात, सायकल आडवी टाकतात नि बोटानं चाक दाखवतात. जनावरांच्या दवाखान्यात तुम्ही मला विम्याचं कार्ड दिलंत तेव्हाही मी नुसती मान हलवली होती, आठवतं? याच्या बरगड्यांना पट्टा बांधत होते तेव्हा. पण आज मला सगळं नीट विचारायचंय. आजच विचारायचंय.

किंमत? किंमत काय लिहायची याची — विकत नाही घेतला हो, आला. बाजव्याहून एक ट्रकवाला आला होता टायर दाखवायला, नाक्यावर उभ्या त्याच्या गाडीखालून निघाला, एवढासा, आख्खा ऑइलनं काळा. धुतला तेव्हा भुरा निघाला, म्हणून भुरियो. मग बाजारभाव नाही याला, असंच ना? लॅब्राडोर असता तर मेल्यावर जास्त मिळाले असते. चालेल, शून्य लिहा, मेल्यावरच्या पैशांचं मला काय करायचंय. आणि जुन्या दुखापतीचा खर्च कंपनी देत नाही, तेही दवाखान्यात कळलं मला, म्हणजे या बरगड्या गेल्या. त्याही चालतील. हप्ता मी भरीन, महिन्याची अर्धी पंक्चरं त्यात जातील, जाऊ देत — मला फक्त ते एक कलम समजावून सांगा. तो दुसऱ्याला चावला तर. दुसऱ्याचा दवाखाना, कोर्टकचेरी, वकील, सगळं कंपनी बघते, हे खरं ना? तुमच्या कागदावर छापलंय, मी वाचलं. हळू वाचतो, पण वाचतो.

चावलाय का आधी? — चावलाय. एकदाच. खोटं कशाला सांगू, दवाखान्यात तुम्ही बरगड्या बघितल्यात, त्या काय जिन्यावरून पडून मोडल्या? मी तिथं तसं सांगितलं होतं खरं. पण बरगड्या हवा भरायच्या पंपानं मोडल्या, तो बघा, कोपऱ्यातला, त्याचा दांडा अजून वाकडा आहे. आमच्या भावोजींनी मोडल्या. इंद्रनील नाव. पादरा गावाला असतात, ऑफिसात मोठे आहेत, शर्टाची घडी मोडत नाही कधी. माझी मोठी बहीण मुग्धाताई त्यांना दिलीय. आता तुम्ही विचाराल, कुत्रा का चावला —

ताई माहेरी आली होती. एका कानानं ऐकूच येत नव्हतं तिला, आई या बाजूनं बोलली की ती मान वळवायची, कोंबडीसारखी. भावोजी न्यायला आले. ती वरून जिना उतरून खाली आली नि म्हणाली, आज नको, दोन दिवसांनी येते. बस, एवढंच म्हणाली. त्यांनी वेणी हाताला गुंडाळली — पट्टा गुंडाळतात ना कुत्र्याचा, तशी, सवयीनं — आणि तिचं डोकं या शटरच्या कडेवर आपटलं. इथं. पुन्हा आपटलं. शटर वाजलं तेव्हा समोरच्या फरसाणवाल्यानं काय केलं माहितेय? रेडिओ मोठा केला. ताई ओरडलीसुद्धा नाही. शटरच ओरडत होतं. आणि तिसऱ्यांदा हात मागे नेला तेव्हा भुरियोनं तो हवेतच धरला. मनगटाच्या वर. काय सांगू तुम्हाला, बेन, आवाज येतो तेव्हा — ओला ऊस मोडल्यासारखा. शर्टाची घडी मोडली त्या दिवशी. ते नाचत होते, हा लोंबकळत होता, रक्त या टबात पडलं, पाणी लाल झालं. मग त्यांना डाव्या हाताला पंप सापडला. मारलं, मारलं, तरी हा सोडेना. शेवटी बाबांनी येऊन सोडवला. कोणाला सोडवला म्हणता? भावोजींना. कुत्र्याला लाथ घातली नि भावोजींना रिक्षात बसवलं. भावोजींना इंजेक्शनं घ्यावी लागली. असल्याला चावल्यावर कुत्र्याला काही घ्यावं लागतं का, ते कोणी विचारलं नाही.

ताई? ताईला त्यांच्याबरोबर पाठवलं. कपाळाला पट्टी बांधली, वर कुंकू लावलं, ओटी भरली नि पाठवलं. बाबा वाईट नाहीत हो. आमचे पणजोबा जुन्या बडोदा राज्याच्या दप्तरात होते, त्यांची पगडी वर काचेत ठेवलीय, बाबा रोज पुसतात. त्या घरातली मुलगी नवऱ्याला सोडून आली, हे त्यांच्या तोंडातून निघत नाही. मी शाळा सोडली हेही निघत नाही. लोकांना सांगतात, वरद व्यवसाय करतो. मी काय बोलणार त्यांच्यापुढं.

हां, तेच विचारतो — घरच्या माणसाला चावला तर नाही मिळत? बाहेरच्याला चावला तरच? मग जावई कुठे धरता तुम्ही? — हसू नका, खरंच विचारतोय. घरचा की बाहेरचा? बाबा म्हणतात घरचाच. घरचाच आहे म्हणून तर पोलिसांत जायचं नाही, घरातलं घरात. आणि आला की पाहुणा — पाट, रांगोळी, श्रीखंड, जावयाचा मान. मारताना घरचा आणि जेवताना बाहेरचा. तुमच्या कंपनीत असली सोय असेल तर सांगा. वेगळ्या घरात राहतो म्हणजे बाहेरचाच? विचारून सांगता? नको, फोन नका लावू, तुम्ही बाहेरचाच लिहा. मी सही करतो. मराठीत केली तर चालेल ना?

घाई — घाई आहे जरा. आज संध्याकाळी येतायत ते. ताई परत आलीय ना. काल पादऱ्याच्या बसनं आली, तोंडावर ओढणी घेऊन, भर उन्हात. ओढणी काढली तर पुढचे दात नाहीत. हातरुमालात बांधून आणले होते, परत लावता येतात का म्हणून. आईनं तो रुमाल देवापाशी ठेवलाय, दुसरं काय करावं ते तिला सुचलं नाही. आणि बाबांनी फोन केला — भावोजींना. या म्हणाले, जेवायलाच या, घेऊन जा, मी समजावतो तिला. श्रीखंड आणलंय. मला सांगितलंय, कुत्र्याला गच्चीवर बांध. मी हो म्हटलं. — नाही बांधलेला, बघताय ना तुम्ही. बांधणार नाही. या वेळेला ती गेली तर परत यायची नाही, बेन. बस सुटते पादऱ्याहून, पण चढायला माणूस लागतं.

तर माझं म्हणणं असं. तुम्ही आत्ता याचा फोटो काढा, पुढून, बाजूनं, नाकाचा जवळून, जसा तुम्हाला लागतो तसा. तोंड स्वच्छ आहे, मी सकाळीच पुसलंय. मी सही करतो, पहिला हप्ता आत्ता देतो. मग ते येतात. मी शटर अर्धं खाली घेतो. त्यांना वाकून आत यावं लागेल, आणि वाकला माणूस की गळा — पुढचं तुम्ही लिहू नका. दवाखाना कंपनीचा, वकील कंपनीचा. भुरियोलाही कोणी हात लावायचा नाही, विमा आहे म्हटल्यावर तो काय रस्त्यावरचा राहिला? कागद असला की परवानगीच की ती. गाडीचा विमा असल्याशिवाय पोलीस गाडी चालवू देत नाही — असला तर देतो. तसंच. आणि याला काही शिकवावं लागत नाही. मागच्या वेळेस मी इथं बसलो होतो, पाण्यात हात, आणि नुसतं छू म्हटलं, मोठ्यानंसुद्धा नाही, एवढ्या आवाजात — आणि तीरासारखा —

काय झालं? पेन का ठेवलंत? लिहा ना. — मुद्दाम सोडला तर विमा मिळत नाही? मुद्दाम कसं, तोंडातून निघालं. तुम्ही ऐकलंत म्हणून? मी नसतो बोललो तर? मला बोलता येत नाही म्हणून लोक हसतात, आणि आज बोललो तर — बरं. बरं. समजा छू म्हटलंच नाही. समजा आपल्या मनानं चावला. तर? — पंधरा दिवस? पॉलिसी आज, आणि लागू पंधरा दिवसांनी? तोवर काय करायचं? त्यांना काय सांगू, भावोजी, पंधरा दिवस थांबा, मग दात पाडा? त्यांच्या गाडीत मागे बेसबॉलची बॅट असते, बेन. बडोद्यात बेसबॉल कोण खेळतं? फोनवर मला म्हणाले, या वेळेला तुझ्या कुत्र्यासाठी खाऊ आणतो. हसून म्हणाले. बॅटीला कोण सांगणार थांब म्हणून.

तुमचं खरं आहे. नाही, रागावलो नाही. तुम्ही नियम सांगताय. मीच चुकीचं धरून बसलो, विमा म्हणजे — जाऊ दे. बघा ना, कसा बसलाय. श्वास घेतला की डावी बाजू अजून दुखते त्याला, तरी मी छू म्हटलं तर जाईल. बॅट दिसली तरी जाईल. त्याची किंमत शून्य लिहिली ना आपण. आणि म्हणणारा मी, टबात हात घालून बसलेला. माझे दात सगळे जागेवर. बरगड्यासुद्धा.

हाताचा विमा असतो का हो माणसाच्या? — नाही, सहज विचारलं.

श्श. ऐकलंत? टुंक. गाडीचं लॉक. आमच्या पोळात, या अरुंद गल्लीत, गाडी येत नाही, नाक्यावर लावतात आणि चालत येतात, सावकाश, शर्टाला घाम येऊ नये म्हणून. उठा. उठा बेन, हा पट्टा धरा. हाताला गुंडाळू नका, नुसता मुठीत. तुमच्यावर नाही येणार, त्याला वास कळलाय तुमचा. मागून दार आहे, तिथून गल्ली सरळ देवळापाशी निघते, तिथं सेव-उसळवाला उभा असतो, त्याच्याकडे याला बांधा, तो ओळखतो. तुम्ही थांबू नका तिथं, स्कूटर काढा आणि घरी जा. काही ऐकू आलं तर मागं यायचं नाही. तुम्ही आज आलाच नव्हता, फॉर्म फाडून टाका. — हा पाना? टायरचे नट काढायचा आहे हो. मोठा असतोच तो. माझ्या हातात रोज असतो.

जा भुरिया. जा, बेनबरोबर. मागं बघायचं नाही. ए — जा म्हटलं ना.

या, भावोजी. वर चहा टाकलाय. जरा वाकून या, शटर अर्धंच राहतं आजकाल.