धम्मदिना नेमकी कुणाकडून?

...आणि वर लोक म्हणतात, दोन शहरांत वाढली, नशीबवान पोरगी. अहो कसलं नशीब? तुम्हाला सांगतो, एका शहरात वाढलेल्या माणसाला एकाच शहरात नावं ठेवतात, हिला दोन्हीकडे ठेवली, आलटून पालटून, आणि ती शहरं तरी कशी, एक भिवंडी, दुसरं नागपूर, म्हणजे एकीकडे पाणी मागायचं तरी पॉवरलूमच्या खटखटीच्या वर आवाज काढून मागायचं, आणि दुसरीकडे साधं 'ए' म्हटलं तरी तीन घरांच्या खिडक्या उघडतात. आता सांगा, पोरीनं करायचं काय?

ही म्हणजे आमची धम्मदिना, माझ्या ताईची मुलगी. मी तिचा मिलिंदमामा, राहायला भिवंडीत कामतघरला त्यांच्याच चाळीत, तेव्हा यातलं बरंचसं मी डोळ्यांनी बघितलंय, आणि जे बघितलं नाही ते तिनं फोनवर इतक्यांदा सांगितलंय की बघितल्यासारखंच आहे. ताई इथं दवाखान्यात नर्स, दाजी सरकारी नोकरीत, त्यांची बदली झाली नागपूरला. ताईला नोकरी सोडवत नाही, त्यांना बदली बदलता येत नाही, मग मधल्या मधे पोरगी. आठवीला ती नागपुरात, का, तर ताईला रात्रपाळी. नववीला परत भिवंडीत, का, तर दाजींना फक्त खिचडी यायची आणि पोरगी पार वाळून गेली. दहावीला पुन्हा नागपूर, का, तर इथं लूमच्या खटखटीत अभ्यास कसा होणार?

आणि गंमत बघा, अभ्यास तिथंच होईना. फोनवर रडकुंडीला आलेली, "मामा, इथं काहीच वाजत नाही. मला धडधडतं." अहो, आमच्याकडे शुक्रवारी लूम बंद असतात ना, तेव्हा लहान पोरं दचकून उठतात, मग हिला रोजच शुक्रवार. शेवटी दाजींनी काय केलं, कूलर चालू केला. डिसेंबरात. नागपूरच्या थंडीत कूलर भणाणतोय, आणि पोरगी दोन गोधड्या पांघरून भूगोल वाचतेय. शेजारीण येऊन विचारते, "भाऊ, पोरीले ताप आहे का?" दाजी म्हणतात, "नाही, भिवंडी आहे."

बोलण्याचं तर विचारूच नका. पहिल्यांदा नागपूरच्या वर्गात ही म्हणाली, "मला न्हाय म्हाईत," तर आख्खा वर्ग हसला. मग ती शिकली, चांगली शिकली, 'का'ला 'काहून' शिकली, 'जातेय'ला 'जाऊन राहिली' शिकली, आणि नववीला इथं येऊन म्हणाली, "मी दुकानात जाऊन राहिली," तर ताई घाबरली, म्हणे दुकानात जाऊन का राहतेस, घर नाही का तुला? तिथं ती मुंबईवाली, कारण भिवंडी कुणाला ठाऊकच नाही, इथं ती नागपूरवाली. आता सांगा, पोरीनं करायचं काय?

पण एक गोष्ट दोन्हीकडे सारखी होती, ती म्हणजे कबड्डी. कबड्डी तिला लागली नववीत, भिवंडीजवळच्या वळ गावात. तिथल्या गोदामांच्या मधे एक मोकळं मैदान आहे, केसरीनाथ सर तिथं मुलींचा संघ घेतात. तिची वर्गातली जिवाभावाची मैत्रीण मृणाली वळची, शाळा सुटली की मृणालीच्या वडिलांच्या टेम्पोतून दोघी तिकडं. दोघी साखळीत जोडीनं उभ्या राहायच्या, म्हणजे एकमेकींचे हात घट्ट धरून, समोरून चढाई करणारी आली की एकदम तिच्यावर झेप. मृणालीचा उजवा हात आणि दिनाचा डावा, तुम्हाला सांगतो, बाजारात गेल्या तरी त्याच बाजूनं चालायच्या.

आणि दहावीच्या वर्षी काय व्हावं? वळच्या मंडळानं मोठी स्पर्धा भरवली, बाहेरचे संघ बोलावले, आणि नागपूरहून आलेल्या संघात, तिकडची जर्सी घालून, आमची धम्मदिना. पाहुणी म्हणून. स्वतःच्या गावात.

संघाची उतरायची सोय कामतघरच्या एका शाळेत. भिंतीला भिंत लावून लूम. सकाळी नागपूरच्या सगळ्या पोरींचे डोळे लालभडक, आणि ही एकटी ताजी टवटवीत, म्हणे बऱ्याच महिन्यांनी अशी झोप लागली. त्यांची कर्णधार पूर्वी, उंच पोरगी, बोलायला तिखट, ती म्हणाली, "दिना, तू माणूस आहे का काय आहे बे?"

संध्याकाळी सामना, अंतिम, आणि समोर कोण, तर वळच. सगळा गाव मैदानाभोवती. दाजी संघाबरोबर आलेले, ताई ड्युटी बदलून आली, दोघं कित्येक महिन्यांनी शेजारी बसली आणि लगेच भांडली, ताई म्हणे वळ जिंकलं पाहिजे, दाजी म्हणे पोरगी कुठल्या जर्सीत आहे ते तरी बघ. मी उठून पंचांच्या मागं जाऊन उभा राहिलो.

आता वळच्या पोरींची एक खोड. त्या मैदानात मोठ्यानं बोलतात, गावच्या बोलीत, कारण बाहेरच्यांना कळतच नाही. पूर्वी चढाईला निघाली तशी मृणाली ओरडली, "तिचे डावे पायान दम न्हाय, तिकरशी धरा गो." पूर्वीच्या डाव्या गुडघ्याला पट्टी होती, जुनी दुखापत. पूर्वी मध्यरेषेच्या अलीकडेच थबकली, मागं वळून विचारते, "दिना, काय बोलून राहिली ते?"

आता सांगा, पोरीनं करायचं काय? सांगितलं तर मृणालीचा घात, नाही सांगितलं तर पूर्वीचा गुडघा. दिनानं मृणालीकडे बघितलं. मृणालीनं तिच्याकडे बघितलं. दिना हळूच म्हणाली, "डाव्या पायाला धरतील. उजवीकडून जा." पूर्वी उजवीकडून गेली, दोघींना बाद करून आली.

झालं. मृणालीला कळलं फितूर कोण ते. पण ती काय कमी? पुढच्या चढाईला ती आणखी मोठ्यानं ओरडली, "उजवेकरशी धरा." दिनानं इमानदारीत भाषांतर केलं, उजवीकडून धरतील, डावीकडून जा. आणि सगळ्या वळकरणी डावीकडेच टपून बसलेल्या. पूर्वी अशी पकडली गेली की जर्सीचा रंग दिसेना. मातीतून उठत म्हणते, "तू आमच्याकडून खेळून राहिली की त्यांच्याकडून?" आणि त्याच वेळी पलीकडून केसरीनाथ सर कपाळावर हात मारून, "दिने, आमीच शिकवली तुला, नि आमचाच भेद सांगतेस काय गो?" म्हणजे दोन्हीकडून फितूर. एकाच मिनिटात. दिनाचा चेहरा असा झाला की मला वाटलं आता ही जर्सी काढून घरी जाते.

नाही गेली. गुण बरोबरीत, शेवटची चढाई, आणि पूर्वीनं मुद्दाम तिलाच पाठवलं. "जा," म्हणाली, "कोणाची आहे ते दाखव."

दिना गेली. तोंडात दम धरलेला, कबड्डी कबड्डी कबड्डी, गाव ओरडतंय, ताई ओरडतेय, दाजी ओरडतायत, कोण कुणासाठी ते त्यांनाही माहीत नाही. समोर मृणाली, तिच्या उजव्या हाताला नवीन जोडीदारीण. दिनानं हूल दिली, ती नवीन पोरगी भलतीकडे पळाली, साखळी तुटली, आणि दिना गिरकी घेऊन नेमकी मृणालीच्या उजव्या बाजूला आली, खांद्याला खांदा, नववीत उभी राहायची तशी. आणि मृणालीनं... तुम्हाला खोटं वाटेल... मृणालीनं हात दिला. सवयीनं. दिनानं तो धरला. सवयीनंच. आणि साखळीत एकीनं पाय टाकला की दुसरीनं टाकायचा असतो, म्हणून दिना मध्यरेषेकडे धावली तशी मृणालीही तिच्याबरोबर धावली, हात घट्ट धरून, थेट नागपूरच्या अंगणात. पंचांची शिट्टी वाजली तेव्हा कुठं दोघींनी हाताकडे बघितलं.

मृणाली बाद, नागपूर एका गुणानं जिंकलं.

आणि मग कुणीतरी हसलं, ती मृणालीच होती, मातीत फतकल मारून, डोळ्यांत पाणी आणि हसतेय, "भवाने, सोड आता तरी हात," आणि दिना सोडेना, ती रडत होती. बक्षीस देताना बघायचं होतंत तुम्ही. मघाशी जिला दोन्हीकडून फितूर म्हटलं, तिला आता दोन्हीकडून ओढत होते. केसरीनाथ सर माईकवर, "पोरगी आमचीच हाय." पूर्वी खालून, "काहून? आमची आहे." ताई आणि दाजी तर पुन्हा भांडायलाच लागले, पण या वेळी हसत.

आता ती एकवीस वर्षांची आहे, खेळाडूंच्या राखीव जागेवर पोलिसात लागली. आम्हाला वाटलं, ठाणे जिल्हा मिळेल, नाहीतर नागपूर. मिळालं गडचिरोलीतलं सिरोंचा, पार तेलंगणाच्या टोकाला, जिथं अर्धा बाजार तेलुगूत बोलतो. तिथंही कबड्डी आहेच. गेल्या महिन्यात फोन आला, इतकी खूश, "मामा, समोरच्या पोरी आपसांत काय बोलतात, मला एक अक्षर कळत नाही. इतक्या शांतपणे मी कधी खेळलेच नव्हते."

म्हटलं, छान झालं बाई, खेळ सुखानं.

परवा परत फोन. आवाज पडलेला. म्हटलं, काय झालं, हरलीस?

"नाही मामा," म्हणाली, "थोडं थोडं कळायला लागलंय."