धुरकऱ्याचं विमान

…अन् वरतून लोकं मलेच इचारतेत, "विमान पडलं तेव्हा तुम्ही कुठी होते जी?" कुठी असणार? तिथीच होतो! हातभर दूर, हातात चिवड्याची पुडी! आता मंडईत आलेला माणूस चिवडा खाईल का पडतं विमान झेलत बसेल? अन् एकदा पडलं असतं तं गोष्ट वेगळी. पण हा धनराजभाऊ पाडूनच राह्यला, पाडूनच राह्यला… अन् दर वेळी कपडे झटकून काय म्हणते? "त्यात काय हाय एवढं!"

तुम्हाले सांगतो, या एका वाक्यानं त्या माणसाचा घात केला.

धनराजभाऊ नाई ओळखत तुम्ही? सावली गावाकडचा? मंग शंकरपट पाह्यलाच नाई तुम्ही! पटात छकड्यावर बसून जो बैलजोडी पळवते ना, तो धुरकरी, अन् धुरकरी म्हणजे धनराजभाऊ. त्याची भुऱ्या-मोऱ्याची जोडी सुटली का धूळ मागून येते, धुळीच्या मागून आवाज येते, अन् आवाजाच्या मागून पाहणाऱ्याचा जीव. एका वर्षी तं जोडी अशी पळाली का बैलं घरी पोचले अन् त्यांची सावली दुसऱ्या दिवशी मूल गावच्या बाजारात सापडली. हसू नोका! ज्यानं आणून दिली त्याले मी ओळखतो.

आता अशा माणसाले देवानं पोरगी द्यावी तं कशी? आचल! बापाले बैलबंडीची हौस, पोरीले विमानाची. चंद्रपुरात कॉलेज शिकली, परेडी केल्या, परीक्षा दिल्या, अन् एक दिवस सांगते काय, "बाबा, हवाई दलात निवड झाली. विमान चालवाले शिकाले जातो. हैदराबादकडं." झालं! मैनाबाई, म्हणजे आचलची माय, तिनं गावभर पेढे वाटले. अन् धनराजभाऊ? तो गोठ्यात गेला अन् बैलाच्या पाठीवर हात फिरवत बसला. हो म्हणे ना, नाई म्हणे ना. चार दिवस! भुऱ्याच्या पाठीचे केस उडाले, पण याच्या तोंडातून शब्द नाई.

अन् अशातच आली मंडई. दिवाळी झाली का आपल्याकडं गावोगाव मंडईची जत्रा, पाहुणे, नाटक, आकाशपाळणा, हे तं तुम्हाले माहीतच हाय. पण यंदा घुग्घुसचा प्रफुल नावाचा पोट्टा टेम्पोत घालून विमानच घेऊन आला! खरं नाई जी, खोटं. कोळशाच्या ट्रकाची जुनी सीट स्प्रिंगांवर बसवली, पुढं एक दांडी, अन् दांडीच्या पुढं कपाटाएवढा पडदा. पडद्यावर जेट. नवे पायलट ज्याच्यावर शिकतेत ना, तसलं. दांडी हलवली का पडद्यातलं विमान हलते, अन् उतरताना आदळलं का सीट अशी उसळते का खालचे दात वरच्या दातांची भेट घेऊन येतेत.

आचल बसली. काय सांगू! लोण्यात बोट बुडवावं तसं उतरवलं. लोकं टाळ्या वाजवून राह्यले, अन् तेवढ्यात दादाजी बोलला. हा दादाजी म्हणजे पल्याडच्या गावचा धुरकरी, दर साली धनराजभाऊच्या मागं दुसरा येणारा. तो म्हणते, "धनराज, पोरगी उडते, अन् तुह्यं काय? तू बैलाचंच शेपूट पिळ!"

आता इथी गप्प राहाचं का नाई? नाई! धनराजभाऊनं खांद्यावरचा दुपट्टा कमरेले बांधला अन् भर मंडईत बोलला, "त्यात काय हाय एवढं! मी उतरवतो, चार डावांत. अलगद उतरलं तं पोरगी हैदराबादले जाते. चारही वेळा आदळलं तं कामच धोक्याचं, पोरगी घरीच राह्यते. धुरकऱ्याचा शब्द!"

आचलचं तोंड असं झालं जसा पट सुटाच्या आधीच बैल बसला. कारण धनराजभाऊचा शब्द म्हणजे… मागं एकदा बोलता बोलता म्हणाला का आज घरी उभ्यानंच जेवतो, तं पाहुण्यांच्या पंगतीत उभ्यानं जेवला, वाढणाऱ्यानं शिडी आणली!

बसला. प्रफुल बिचारा सांगून राह्यला, "काका, जोर कमी करा. जमिनीजवळ आले का नाक जरासं वर उचला, मागची चाकं आधी टेकू द्या, मंग सावकाश नाक खाली…" ऐकते कोण? "हुर्र्र्र! चाल भुऱ्या!" करून धनराजभाऊनं सगळा जोर दिला. धावपट्टी खालून अशी गेली जशी बसमधून पाहुण्याचं गाव जाते. समोर डोंगर. धडाम! सीट उसळली, धनराजभाऊची टोपी माह्या चिवड्यात.

"त्यात काय हाय एवढं! फिरून लावा."

दुसऱ्या वेळी मात्र बाप्पा, खरंच जमून राह्यलं! जोर कमी केला, चाकं खाली सोडली, विमान सरळ रेघेत. लोकं श्वास धरून. धावपट्टीच्या तोंडाशी पांढरे पट्टे असतेत ना, ते आले, ते विमानाच्या खालून गेले… अन् या माणसानं दोन्ही हात दांडीवरून काढले, उभा झाला, अन् कमरेचा दुपट्टा हवेत फिरवला! "जिंकलो रे!"

धडाम.

आता तुम्हीच सांगा, चूक कोणाची? जन्म गेला पटात! पटात पांढरी रेघ पार झाली का खेळ खतम, हात वर, गुलाल! प्रफुल कपाळ बडवून सांगते, "काका, ते पट्टे शेवट नाई, ते सुरवात हाय! पट्टी तिथून चालू होते!" समजलं धनराजभाऊले. मान हलवली. तिसऱ्यांदा बसला. पांढरे पट्टे आले… अन् हात आपले आपणच वर! त्याचा काही दोष नाई, हात म्हणजे सवयीचे गडी, मालकाचं ऐकते का? धडाम.

दादाजी हसून हसून खाली बसला, मंग गर्दीत दिसे ना म्हणून आकाशपाळण्यात चढला, वरून पाहाले. अन् आचल? तिनं गुपचाप बापाची टोपी उचलली, चिवडा झटकला अन् त्याच्या हातात दिली. बस.

तेव्हा मैनाबाई पुढं आली. हातात पाण्याचा लोटा. अन् सगळ्यांसमोर म्हणते काय, "तुम्ही जाणूनबुजून पाडून राह्यले. पोरीले घरी ठेवाले."

अशी शांतता झाली जी, का माह्या तोंडातला शेंगदाणा मले ऐकू आला.

"मी?" धनराजभाऊ म्हणते. "मी जाणूनबुजून हारीन? दादाजीच्या डोळ्यासमोर?"

"मंग सांगा. पट संपल्यावर थकलेली जोडी घरी आणता, तेव्हा कशी आणता?"

"कशी म्हणजे? हळूहळू. कासरा आवरून."

"अन् सोडता कधी?"

"तू दारात बैलांच्या पायांवर पाणी टाकलं का."

"त्याच्या आधी?"

"त्याच्या आधी कसा सोडीन? येडी हाय का तू?"

मैनाबाईनं लोटा काठोकाठ भरला अन् सीटच्या फळीवर ठेवला. "हा पट नाई. पट केव्हाचा संपला. जोडी घरी आणून राह्यले तुम्ही. मी पाणी टाकेन तेव्हाच सोडाचं."

चौथ्यांदा, शेवटच्या डावाले, बसला धनराजभाऊ. आता हुर्र नाई, आरडाओरडा नाई. जीभ टाळूले लावून नुसतं "टक्… टक्… ये बाबू… ये…" जसा मोऱ्या थकून घरी येते. विमान असं खाली येऊन राह्यलं जशी संध्याकाळ वाटेवर उतरते. पांढरे पट्टे आले. आमचे सगळ्यांचे हात वर गेले, त्याचे नाई! नाक जरासं उचललं, मागची चाकं टेकली, मंग नाक… प्रफुल इचारते, "टेकलं का?" कोणालेच समजे ना! लोट्याकडं पाह्यलं. पाणी काठावर थरथरलं, थेंब नाई सांडला! अन् धनराजभाऊ थांबते का? पट्टीवरून चालवत चालवत विमान पार त्या गोठ्यापर्यंत नेलं, विमानाच्या गोठ्यापर्यंत, दांडी धरून बसला, अन् म्हणते, "टाक!"

अन् मैनाबाईनं टाकलं! चाकं पडद्यावर खाली दिसून राह्यली होती ना, त्याच्यावर! अख्खा लोटा!

फट्ट! निळा जाळ! पडदा काळा, मंडईचा भोंगा बंद, आकाशपाळणा जागच्या जागी उभा, अन् प्रफुल "मावशी! मावशी!" करत नाचून राह्यला. अन् सगळ्यात वरच्या डब्यात कोण? दादाजी! बोंबलून राह्यला, "उतरलं रे उतरलं! पाह्यलं म्या! अलगद उतरलं! आता मलेबी उतरवा!" घ्या! दुश्मनानं साक्ष दिली, तीही वरच्या कोर्टातून.

आचल बापाच्या गळ्यात पडली. मंडईनं गुलाल उधळला. धनराजभाऊनं छाती फुगवून म्हटलं, "त्यात काय हाय एवढं!"

गेली आचल. परवाच मूलच्या स्टँडवरून बसवून आलो आम्ही. धनराजभाऊ घरी आला, भुऱ्याजवळ बसला, अन् पुन्हा तेच, पाठीवर हात. मी म्हटलं, भाऊ, दिवाळीले येते ना पोरगी. त्यात काय हाय एवढं!

त्यानं माह्याकडं असं पाह्यलं जसं मीच ते पाणी टाकलं. अन् हळूच म्हणते, "बाकी सगळं ठीक हाय गा… पण मी म्हणतो, थोडंसं आदळलो असतो तं काय झालं असतं?"