पायाखालचा पत्रा

— नाही नाही साहेब, एवढ्यात उठू नका. पेडलच्या मागचा तो डावा कोपरा बघितलात? टॉर्च द्या इकडे, मी धरतो, तुम्ही फक्त वाकून बघा. घाई काय आहे? शर्यतीला अजून दोन तास आहेत, आणि मागे त्या चार गाड्या उभ्या आहेत ना, त्या काही पळून जात नाहीत — म्हणजे पळायलाच आणल्यात, पण तुमचा तपासणीचा स्टिकर लागल्याशिवाय नाही ना. हां, तर तो कोपरा. तिथे माझा हात पोचत नव्हता, मान वाकडी करून वेल्डिंग मारलंय. तीस वर्षं पत्राकाम करतोय मी, हात पोचत नाही तिथे काम कच्चं राहतं, हे मला कोणी शिकवायला नको. चांगलंय म्हणता? अहो, हातोडी मारून बघा. अशी हळू नाही, जोरात मारा, माझी काळजी करू नका — काय? नाही हलत? परत मारा.

बरं, नियम एकेक करून बघू. पाठ आहेत मला. गाडीचा जुना तळ कापून काढला तर नवा पत्रा नियमांच्या पुस्तकात दिलेल्या जाडीचा हवा. कुठे फट नको, खालून धूर नाहीतर आग आत यायला नको. ड्रायव्हरभोवतीच्या पिंजऱ्याचे पाय नुसत्या पत्र्यावर टेकलेले चालत नाहीत, खाली जाड प्लेट हवी. इंजिनापासून मागच्या चाकांपर्यंत फिरणारा तो शाफ्ट, त्याला कडी हवी, म्हणजे तुटला तरी वर उसळू नये. आहे, सगळं आहे, मला माहितीये. कडी तुम्ही एक सांगता, मी दोन घातल्यात. पत्रा तर सांगितल्यापेक्षा जाडच घेतला — हां! जाड घेतला म्हणजे वजन वाढलं ना? मग वजनावर नाही बाद करता येत? नाही. गाडी जड झाली तर नुकसान तिचं, नियमाचं काय जातंय. तीही तेच म्हणाली, 'बाबा, गाडी करतोयस का तिजोरी?'

ती म्हणजे माझी मुलगी हो, धाकटी. आत्ता हेल्मेट काखेत मारून वजनकाट्याकडे गेली ना, उंच, जराशी लंगडत, तीच. चालवणारी तीच. घरी आम्ही भिंगरी म्हणतो, पाळण्यात असल्यापासून एका जागी ठरली नाही. आणि खेळ कुठला निवडला? सरळ रस्ता, शेजारी शेजारी दोन गाड्या, दिवा हिरवा झाला की सुटायचं, अकरा सेकंदात खेळ खलास. अकरा सेकंद, साहेब! एवढ्या वेळात माझी धड शिंक होत नाही. तिची आई म्हणते, तुम्हीच लहानपणी मांडीवर बसवून स्टिअरिंग दिलंत, आता भोगा. भोगतोय की.

लंगडते का म्हणून विचारलंत? नाही विचारलंत, पण बघितलंत, मी बघितलं तुम्हाला बघताना. टाचेला सात टाके आहेत. मागच्या शर्यतीत शाफ्ट तुटला, पुढून सुटला आणि गरगर फिरत तळ फाडून वर आला, थेट तिच्या पायापाशी. दोन बोटं इकडे असता तर — जाऊ दे. मी नव्हतो बघत. मी कधीच बघत नाही, मी तिकडे पाठ करून आकडे मोजतो, एक, दोन, तीन. त्या दिवशी अकरा झाले, पंधरा झाले, चाळीस झाले, तरी कोणी काही बोलेना. मी मोजतच राहिलो. थांबलो असतो तर वळून बघावं लागलं असतं ना.

आणि फाटला कुठे सांगू? बरोबर ठिगळावर. तिथे गंजला होता पत्रा. ती म्हणत होती, बाबा, सगळा तळच बदलू, आणि मी म्हटलं, एवढ्याशा गंजाला काय सगळा तळ काढायचा, ठिगळ मारतो की झालं. हो, मीच मारलं. शाफ्टला कडीही जुनीच ठेवली, ती तर काडी मोडावी तशी मोडली. तुमच्या आधी जे साहेब होते, त्यांनी चटईसुद्धा उचलून बघितली नाही. ती सगळ्यांना सांगत फिरते, गंजाने फाटला, गंजाने फाटला, आणि मी बाजूला उभा राहून मान डोलावतो. हे तुम्ही — हे तिला सांगू नका हं. कशाला बोललो मी हे. टॉर्च वर धरू का?

शर्यती बंद कर म्हणून सांगून बघितलं हो. हात जोडले, ओरडलो, तीन दिवस जेवलो नाही. पंचवीस वर्षांची आहे, बापाच्या न जेवण्याने काय होणार! चौथ्या दिवशी लंगडत शेडमध्ये आली आणि स्वतःच तो फाटका पत्रा कापायला बसली. ग्राइंडर धरायची रीत नाही, डोळ्यांवर चष्मा नाही. मग काय करणार? घेतला मी हातातून.

आणि मग मनात पाप आलं. आता निम्मं सांगितलंय तर हेही ऐका. मी पातळ पत्रा आणला. तुमच्या जाडीच्या मापात बसणारच नाही असा. म्हटलं, साहेब माप लावतील, गाडी बाद करतील, वाईटपणा त्यांच्या माथी. हा महिना टळला, पुढचा टळेल, मग लग्नाबिग्नाचं, नोकरीचं काहीतरी निघेल, विसरेल पोरगी. मापाने कापलासुद्धा तो पत्रा. आत ठेवला, बसतोय का बघायला वर उभा राहिलो, आणि तो पायाखाली असा डबकन वाजला. तेवढ्या आवाजाने गळाठलो मी. म्हटलं, त्या दिवशी साहेबांची डुलकी लागली तर? याही साहेबांनी चटई उचलली नाही तर? काढला बाहेर. दुसरा आणला, जाड. आणि एकदा जाड आणल्यावर वेल्डिंग तरी वाईट कसं मारायचं? हात ऐकत नाहीत हो. पोरीच्या पायाखालचं आहे म्हटल्यावर हात अजूनच शहाणे झाले. जन्मात असं काम केलं नाही मी, तुम्हीच म्हणालात आत्ता.

म्हणून म्हणतो, खोट तुम्ही शोधा. पेंटचा ओघळ असेल, बोल्टचं टोक वर आलं असेल, काहीही. तुमच्या हातात आहे — काय म्हणता? खरंच? लिहाल? मी म्हटलं म्हणून नापास लिहाल? साहेब, तुमचे पाय धरतो, तुम्ही माणूस नाही, देव —

थांबा. थांबा जरा, पेन टेकवू नका. नापास लिहिल्यावर ती काय करेल? घरी बसेल? ती? ती गाडी घेऊन दुसऱ्याकडे जाईल. बापाचं काम बाद झालंय म्हटल्यावर माझ्याकडे कशाला येईल परत? आणि तो दुसरा हे सगळं उखडेल, हलकं पाहिजे म्हणून हलकं घालेल, चार रिव्हेट ठोकेल, आणि पुढच्या वेळी इथे तुम्ही असाल का आणखी कोणी, कोणाला ठाऊक. नाही. नाही, साहेब, पास लिहा. माझ्या पत्र्यावर तरी असू दे ती. लिहा, लवकर लिहा, ती येतेय बघा —

हो गं, झालं. पास. पहिल्या झटक्यात पास, साहेब म्हणतात असं काम बघितलं नाही. छे, रडतोय कुठे, टॉर्चकडे बघत होतो मघापासून. बूट पूस आधी, आत चिखल नको. पट्टे मी आवळतो, इकडे ये. घट्ट झाले? होऊ देत. मी? बघतो की, बघणार आहे आज, इथेच उभा आहे. जा. — नाही, जा नाही, ये. जाऊन ये.

तुम्ही काय बघत उभे राहिलात, साहेब? व्हा पुढे. मागच्या गाड्या खोळंबल्यात.