ऐकून घेण्यावर दीड तास

दाढ काढल्यावर डॉक्टरांनी मास्तरांच्या तोंडात कापसाचा बोळा कोंबला आणि अर्धा तास ब्रसुद्धा काढायचा नाही, असं बजावून बाहेरच्या बाकावर बसवलं. मास्तरांनी रुमालानं गाल झाकला. समोर दोघी बहिणी बोलत होत्या.

"काय गं, तुमच्या मानवतावादी मंडळात गुरुवारी कशावर व्याख्यान होतं?"

"दुसऱ्याचं ऐकून कसं घ्यावं, यावर."

"मग?"

"दीड तास कुणाला तोंड उघडू दिलं नाही."

"पण अर्ध्या तासानं घंटा वाजवून प्रश्न घ्यायचे, अशी पद्धत आहे ना तुमच्यात?"

"वाजवली की मी! तर 'एकच मिनिट' म्हणत त्यांनी माझ्या हातातली घंटाच घेतली आणि खिशात टाकली."

"आणि तुम्ही ऐकत बसलात?"

"ऐकतंय कोण, ताई! पोस्टमनकाकांनी दोन झोपा काढल्या."

मास्तर "अं! अं!" करत अर्धे उठले.

"बसा, बसा, रक्त येईल," धाकटी मायेनं म्हणाली. "बघ ताई, आज किती शहाण्यासारखं ऐकून घेतायत."

"ओळखतेस यांना?"

"म्हणजे काय! मास्तर, या गुरुवारी राहिलेले प्रश्न घ्यायचेत. येताना घंटा आणा, आणि कापूस असाच राहू द्या."