लाडकीचं तारण

"म्हातारीचं तारण गेलं, पण तिला सांगू नका" — असं म्हणाले आमचे पास्टर, ताई, माझ्या नवऱ्याला, ओटीवर बसून. मी आत तांदूळ निवडत होते. — बसा ना, ही जीप काय इतक्यात सुटत नाही, कासाची जीप आहे, माणसावर माणूस बसल्याशिवाय ड्रायव्हर चहा सोडत नाही — तर सांगू नका म्हणाले. आणि आमची भिंत कुडाची. कारवीच्या काठ्या, वरून शेणमाती. तिकडे कोणी सुस्कारा टाकला तर इकडे कळतो. सासू माझ्या बाजूलाच निजलेली, तोंड भिंतीकडे. ऐकलं का तिनं? ऐकलंच. पायाची बोटं हलवत होती, ती थांबली.

तुम्ही विश्वासी नाही ना? वाटलंच, टिकली आहे. बरंय, तुम्हाला सांगायला सोपं. तारण म्हणजे — येशूवर विश्वास ठेवला, पाण्यात बाप्तिस्मा घेतला, की मेल्यावरही तुम्ही त्याचेच. जागा पक्की. माझं माहेरही विश्वासी, तलासरीकडचं, म्हणून तर इथे दिली मला. आता एकदा मिळालेलं हे तारण परत जातं का, यावर आमच्या लोकांत भांडण आहे, आणि यंदा ते भांडण येऊन बसलं माझ्या सासूवर. लाडकी तिचं नाव. आमच्या पाड्यात पहिली बुडी हिनं घेतली, सासऱ्यांच्याही आधी. गाण्यात सूर नाही, पण आवाज असा की ढोलकीवाला नुसता बसून राहायचा.

झालं काय — भात झोडायचे दिवस. उमेश, माझा नवरा, घोलवडला चिकू भरायला गेलेला. मला दुखायला लागलं. पाचवा महिना. घरी आम्ही दोघीच, खाली रस्त्याला जीप मिळेना. सासूनं पास्टरांना फोन लावला. ते कैनाडला राहतात, त्यांनी फोनवरच प्रार्थना धरली — आमच्याकडे रेंज म्हणजे कधी आहे, कधी नाही — "हे प्रभू... हॅलो... हे पित्या... हॅलो" — असे तुकडे येत राहिले आणि मग तेही बंद. म्हातारी उठली आणि भगताला घेऊन आली. काळ्या भगत, तिचा चुलतभाऊच, पण बाप्तिस्मा झाल्यापासून त्याच्या दारात पाय ठेवला नव्हता तिनं. त्यानं सुपात दाणे टाकून पाहिले, म्हणाला, कोंबडी लागेल. हिनं आपलीच धरून आणली, अंडी देणारी. त्यानं सुरी उचलली — आणि ताई, हिनं काय करावं? डोळे मिटले, कोंबडीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, येशूच्या नावानं, आमेन. सवय हो. भात वाढला की आमेन, एसटीत चढली की आमेन. काळ्यानं सुरी खाली ठेवली. आता कोणाच्या नावानं कापू, म्हणाला. मी गोधडीवर पडल्या पडल्या बघत होते. हसू आलं मला. हो, तेव्हा.

कापली शेवटी. जीपही मिळाली शेवटी. इथंच, कासाच्या दवाखान्यात आणलं. ते राहिलं नाही. — नाही, नाही, ठीक आहे. आज दाखवायलाच आले होते. सगळं साफ आहे म्हणाले. साफ, असंच म्हणाले.

तर काळ्या सांगतो, आमेन म्हटलं म्हणून गेलं. पास्टर सांगतात, भगत आणला म्हणून गेलं. म्हातारीला दोन्हीकडून. तिनं अन्नच टाकलं. पेज नेली की विचारायची, "प्रभू मला ओळखील का गं आता?" मी म्हणायचे, पेज गार होतेय. मला तेव्हापासून काही सुचतच नाही, रडायलाही — जाऊ द्या.

मागच्या रविवारी प्रार्थनेची मंडळी आमच्याच घरी. प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीनं एक भाकर मोडून सगळ्यांनी खायची. ती भाकर हिला द्यायची की नाही, यावरून सुरू झालं. पास्टर म्हणाले, तारण गेलेल्या माणसाला भाकर दिली तर उलटी शिक्षा लागते. शुक्रा काका, मंडळीतले जुने, ते म्हणाले, मिळालेलं कधी जात नाही, प्रभू धरलेला हात सोडत नाही — मला वाटलं, चला, एक तरी — तर पुढे म्हणाले, म्हणजे हिला ते मिळालंच नव्हतं. बघा आता. मग इतकी वर्षं गळा ताणून गात होतं कोण? उमेशचं तिसरंच. जिओ आल्यापासून मोबाइलवर हिंदी प्रवचनं ऐकतो. म्हणाला, उपास केला की परत मिळतं. जी बाई जेवतच नाही, तिला उपास. आवाज कोणी खाली केला नाही. भिंतीपलीकडे ती. मी भाकर आणून ठेवली, तांदळाची, मीच भाजलेली. पास्टरांनी मोडली आणि पहिला तुकडा माझ्या हातावर ठेवला — सून आजारातून उठलीय म्हणून. माझ्याबद्दल कुणाला शंकाच नाही. लग्न झाल्यापासून मी या माणसांसमोर हो आणि नाही यापलीकडे बोलले नव्हते, ताई. तुकडा परत ताटलीत ठेवला आणि बोलले.

तेव्हापासून उमेश माझ्याशी पाणी दे, भाजी वाढ, एवढंच बोलतो. पास्टर परत येतो म्हणाले, आले नाहीत. म्हातारीनं त्या दुपारी पेज मागितली. खाल्ली, आणि वाटी पुसून ठेवली. — काय बोलले मी? फार नाही. — उठा, आला ड्रायव्हर, तुम्ही पुढे बसा, तुमच्याकडे पिशव्या आहेत, मी मागे चढते. — एवढंच बोलले, तेही हळू.

"कोंबडी माझ्यासाठी कापली होती. आधी माझं गेलं का, ते सांगा."